वीज केंद्राच्या धुराबाबत नागरिकांनी मागणी नेमकी कशी मांडावी? (नाशिकरोड, एकलहरे परिसर)

जेलरोडकर

नमस्कार. मी नाशिकरोडच्या जेलरोड भागात बावीस वर्षे राहतो आहे. दिवाळी झाली की पहाटे गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर करड्या रंगाची बारीक पूड साचलेली असते आणि तिच्यावर बोटाने रेघ ओढता येते. आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे त्या दिवसांत तिची खोली सकाळी दहापर्यंत उघडत नाही. ही पूड खोदलेल्या रस्त्यांची असेल, बांधकामांची असेल, वीटभट्ट्यांची असेल, राख वाहणाऱ्या हायवांची (मोठ्या डंपरची) असेल किंवा एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून आलेली असेल. पुरावा हातात नसताना ती कोणाच्याही माथी मारण्याची माझी इच्छा नाही.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या चाळीस जणांच्या सह्यांचे निवेदन आम्ही एका शासकीय कार्यालयात दिले. "परिसरात प्रदूषण फार वाढले असून योग्य ती कारवाई व्हावी," असे त्यात लिहिले होते. तीन आठवड्यांनी एका ओळीचे उत्तर आले की हवेची गुणवत्ता विहित मर्यादेत आहे. कोणती मर्यादा, कोणत्या ठिकाणची हवा, कोणत्या दिवसाची मोजणी, यांपैकी काहीही त्यात नव्हते. मोबाइलवरच्या ॲपमध्येही त्या दिवशी शहराची हवा "समाधानकारक" दिसत होती, त्यामुळे पुढे काय विचारावे तेच आम्हाला सुचले नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. असे उत्तर आल्यावर नागरिकाकडे बोलण्यासारखे काही उरते का? आणि जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांच्या गंधकाच्या धुराबाबतचे नियम शिथिल केल्याचे वाचले. त्यामुळे नाशिकचा विषय संपला, असे समजायचे का?

निवृत्त अभियंता

राज्यातल्या वेगवेगळ्या औष्णिक केंद्रांत नियंत्रण कक्षात माझी तीस वर्षे गेली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपल्याला मिळालेले उत्तर कदाचित खरे असेल, पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर नाही. मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक आपण श्वासात घेतो त्या मोकळ्या हवेची आणि दुसरी चिमणीच्या तोंडाशी मोजायच्या धुराची. मोकळ्या हवेसाठी 2009 ची राष्ट्रीय मानके आहेत. त्यांनुसार चोवीस तासांच्या सरासरीत पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) हे प्रति घनमीटर 60 मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम 10 (त्यांहून थोडे मोठे धूलिकण) हे 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. चिमणीची मर्यादा मिलिग्रॅममध्ये सांगतात आणि ती वीज बनवणाऱ्या त्या-त्या संचाला लागू असते, मग बाहेर वारा असो वा नसो. आपले निवेदन मोकळ्या हवेबद्दल होते, म्हणून उत्तरही मोकळ्या हवेचे आले.

एकलहऱ्याला सध्या 210 मेगावॉटचे तीन संच आहेत, क्रमांक 3, 4 आणि 5. ते 1979 ते 1981 या काळात सुरू झाले. 140 मेगावॉटचे पहिले दोन संच कधीच निवृत्त झाले आहेत. डिसेंबर 2003 पूर्वी बसवलेल्या अशा संचांना 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनुसार धूलिकणांची मर्यादा दर घनमीटर धुरामागे 100 मिलिग्रॅम आहे. सल्फर डायऑक्साइडची, म्हणजे गंधकाच्या वायूची, मर्यादा 600 आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचीही 600.

आता हे आकडे कागदावर उतरवून पाहू, म्हणजे 100 मिलिग्रॅमचा अर्थ कळेल. 210 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला आणि एका युनिट विजेला साधारण 700 ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर दिवसाला साडेतीन हजार टन कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण फार असते. पस्तीस टक्के धरले तर सव्वाबाराशे टन राख होते आणि तिच्यापैकी सुमारे ऐंशी टक्के, म्हणजे हजार टनांच्या आसपास, धुराबरोबर उडते. ती अडवण्याचे काम इएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) करते. या यंत्रात विजेच्या उच्च दाबाने कणांवर भार चढवून ते पत्र्यांवर ओढून घेतात आणि पत्रे ठोकून राख खालच्या हॉपरमध्ये पाडतात. इएसपीने 99.75 टक्के राख पकडली तर दिवसाला अडीच टनांच्या आसपास बाहेर पडते आणि ती 100 मिलिग्रॅमच्या मर्यादेत जेमतेम बसते. पकड 99.5 टक्क्यांवर आली तर बाहेर पडणारी राख थेट दुप्पट होते. ऐकायला पाव टक्का वाटतो, पण इएसपीची एक-दोन क्षेत्रे (पत्र्यांचे स्वतंत्र विभाग) बंद पडली की एवढी घसरण सहज होते. म्हणून "इएसपी बसवलेले आहे" या उत्तरावर कोणीही समाधान मानू नये. सर्व क्षेत्रे किती तास चालू होती, हे विचारावे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. थंड पडलेला संच पुन्हा पेटवताना आधी तेल जाळावे लागते, आणि न जळलेले तेल पत्र्यांवर बसून आग लागू नये म्हणून त्या काळात इएसपीची क्षेत्रे बंद ठेवतात. लोकांना पहाटे दिसणारा काळा लोट बहुधा याच वेळचा असतो. दिवसाच्या सरासरीत तो विरून जातो. म्हणून आकडे मागताना सरासरीवर थांबू नका, पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी मागा. अतिप्रदूषक सतरा उद्योगवर्गांना चिमणीवर सतत मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसवण्याचे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्येच दिले आणि औष्णिक केंद्रे त्या सतरांत येतात. त्यामुळे नोंदी असायलाच हव्यात.

वकील, नाशिक

अभियंता साहेबांनी चिमणीचा भाग सविस्तर मांडला आहे, त्यामुळे मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. जुलै 2025 च्या अधिसूचनेने विषय संपलेला नाही, आणि नाशिकपुरता तर मुळीच नाही.

2015 च्या नियमांची पूर्तता दोन वर्षांत, म्हणजे 2017 अखेर व्हायची होती. ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. एप्रिल 2021 मध्ये देशातल्या केंद्रांचे तीन वर्ग करण्यात आले. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा 2011 च्या जनगणनेनुसार दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे अ वर्गात आली. अतिप्रदूषित क्षेत्रांच्या किंवा हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली केंद्रे ब वर्गात आणि उरलेली सगळी क वर्गात. जुलै 2025 मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून चिमणीच्या उंचीची अट घालून सूट मिळाली ती क वर्गाला. ब वर्गाचा निर्णय प्रकरणागणिक व्हायचा आहे. अ वर्गाला डिसेंबर 2027 ची मुदत कायम आहे. धूलिकणांच्या मर्यादेला तर या सवलतीने हातही लावलेला नाही.

2011 च्या जनगणनेत नाशिक महानगरपालिकेची लोकसंख्या 14,86,053 होती. एकलहरे नाशिकरोडला लागून आहे. शिवाय राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला, त्याच्या मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. तेव्हा नकाशा समोर ठेवून अंतर मोजा आणि अधिकृत यादीत या केंद्राला कोणता वर्ग दिला आहे ते लेखी विचारा. सगळ्या निवेदनांच्या आधी हा एक प्रश्न विचारला पाहिजे, कारण पुढची प्रत्येक मुदत त्याच्यावर अवलंबून आहे. त्याला जोडूनच आणखी एक विचारा. ठरावीक तारखेपूर्वी संच कायमचे बंद करण्याचे हमीपत्र दिले तर गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळते. असे हमीपत्र या तीन संचांपैकी कोणत्याही संचासाठी दिले आहे का?

सूट देण्यामागचा युक्तिवाद असा होता की देशात बहुतेक ठिकाणी मोकळ्या हवेत सल्फर डायऑक्साइड मुळातच कमी आढळतो, तो 80 मायक्रोग्रॅमच्या दैनिक मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो, मग महागडी यंत्रणा कशाला? या ठिकाणी आपण गोंधळता कामा नये. चिमणीतून निघालेला हा वायू वाटेत वायूच राहत नाही. काही तासांत ते काही दिवसांत त्याचे सल्फेट बनते, शेतातल्या युरियातून आणि गोठ्यांतून येणाऱ्या अमोनियाशी ते संयोग पावते आणि त्याचे अतिसूक्ष्म कण शेकडो किलोमीटर जातात. मोजणी केंद्रावर त्यांची नोंद पीएम 2.5 म्हणून होते आणि वायूच्या रकान्यात आकडा लहानच राहतो. म्हणून "सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे" हे उत्तर आले तर त्याच पत्रात पीएम 2.5 मधले सल्फेटचे प्रमाण विचारावे.

ॲपबद्दल थोडेसे. नाशिकची सतत मोजणारी केंद्रे गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी आणि अंबड येथे आहेत. यांपैकी एकही एकलहरे किंवा सामनगावच्या बाजूला नाही. गंगापूर रोडची हवा समाधानकारक असेल तर ती गंगापूर रोडची आहे. आपल्या भागात मोजणी केंद्र बसवा, ही स्वतंत्र मागणी आहे आणि माझ्या मते आकड्यांच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे. इथे एक अडचण येते. शहराचा स्वच्छ हवा आराखडा महापालिका राबवते आणि एकलहरे ग्रामपंचायतीत आहे. त्यामुळे पालिका म्हणते हद्दीबाहेर, आणि ग्रामपंचायतीकडे ना यंत्र ना तज्ज्ञ. म्हणून हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिनात न्यावा, तिथे दोन्ही हद्दी एका टेबलावर येतात. जिल्हा पातळीवरचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो.

एकलहरे वसाहत

मी इतके दिवस इथे फक्त वाचत होते. आज लिहावेसे वाटले, कारण हा विषय आमच्या घरातला आहे. माझे सासरे या केंद्रातून निवृत्त झाले आणि दीर कंत्राटी कामावर आहेत. आमच्याकडे प्रदूषणाचे नाव निघाले की पहिला प्रश्न येतो, "केंद्र बंद पाडायचे आहे का?" नव्या 660 मेगावॉटच्या संचाची मागणी इथले लोक कित्येक वर्षे करत आहेत. जुने संच म्हातारे झाले, नवा आला नाही, तर शाळा, दवाखाना, बाजार, रिक्षा, सगळेच थांबेल ही भीती खोटी नाही.

पण धूर आधी आमच्या अंगावर येतो, आणि राख हाताळणाऱ्या कामगारांच्या नाकातोंडात तर सर्वांत आधी जाते. त्यामुळे जेलरोडकर दादांना विनंती आहे की निवेदनात "केंद्र बंद करा" असे वाक्य घालू नये. इएसपीची दुरुस्ती करा, राखेचे हायवा ताडपत्री बांधून आणि भिजवून न्या, राख साठवण्याचा बंधारा उन्हाळ्यात ओला ठेवा, कंत्राटी कामगारांना चांगले मास्क द्या आणि त्यांची फुफ्फुसांची तपासणी करा, अशा मागण्या असतील तर वसाहतीतल्या बायका सह्या करतील. मी स्वतः घरोघर जाऊन सह्या गोळा करीन. 660 चा संच आला तर तो आजच्या नियमांत बसणाराच असला पाहिजे, हेही त्यात लिहा. 2017 नंतरच्या संचांना धूलिकणांची मर्यादा 30 आहे असे दीर सांगतात. ते बरोबर आहे ना?

निवृत्त अभियंता

ताई, बरोबर आहे. जानेवारी 2017 पासूनच्या संचांना धूलिकण 30, सल्फर डायऑक्साइड 100 आणि नायट्रोजनची ऑक्साइडे 100 अशी मर्यादा ठरवली गेली. जुन्या संचाच्या मानाने धूलिकणांची मर्यादा तिपटीहून कडक आहे. वीज तेवढीच ठेवून धूर कमी करायचा असेल तर जुन्याच्या जागी नवा, ही आपल्या लोकांची मागणी तांत्रिकदृष्ट्याही चुकीची नाही. फक्त 660 मेगावॉट म्हणजे आजच्या तिन्ही संचांच्या 630 मेगावॉटपेक्षा थोडे जास्तच, तेव्हा नवा संच येताना जुने तिन्ही खरोखर बंद होणार का, हे लेखी घ्यावे. नव्या प्रकल्पासाठी सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. त्या दिवशी बोललेले इतिवृत्तात उतरले की नाही, हे तिथेच वाचून घ्या.

गंधकाचा हिशेब मघाशी राहिला. कोळशात अर्ध्या टक्क्याहूनही कमी, समजा 0.4 टक्के गंधक असेल, तर साडेतीन हजार टनांत चौदा टन गंधक होते आणि जळून त्याचा अठ्ठावीस टन सल्फर डायऑक्साइड होतो, एका संचाचा, एका दिवसाचा. 210 मेगावॉटच्या संचाचा धूर तासाला दहा लाख घनमीटरच्या आसपास धरला, तर हे प्रमाण साधारण 1100 ते 1200 मिलिग्रॅम येते. मर्यादा 600. इएसपी वायूला अडवत नाही. त्यासाठी चुनखडीच्या पाण्याने धूर धुवावा लागतो आणि त्यातून जिप्सम मिळते. भारतीय कोळशात गंधक कमी असते हे खरेच आहे, पण म्हणून धूर आपोआप मर्यादेत येत नाही, एवढे या गणितावरून दिसावे.

सूक्ष्मदर्शक

मी महाविद्यालयात विज्ञान शिकवते. टाकीवरची पूड कशाची आहे, याचा अंदाज फारसा खर्च न करता घेता येतो. काचेची स्वच्छ पट्टी गच्चीवर जमिनीपासून माणसाच्या उंचीवर रात्रभर ठेवा, सकाळी झाकून तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. चारशे पट दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कोळशाची उडती राख काचेच्या बारीक गोट्यांसारखी गोल दिसते, कारण भट्टीच्या उष्णतेत ती वितळून हवेतच घट्ट झालेली असते. रस्त्याची माती कोनेदार दिसते आणि काजळी काळ्या पुंजक्यांसारखी.

मात्र या परीक्षेची मर्यादा लक्षात ठेवा. गोल कण सापडले म्हणजे कोळशाची राख आहे एवढेच ठरते. ती चिमणीतून आली, बंधाऱ्यावरून उडाली, हायवातून सांडली की राखेच्या विटांच्या कारखान्यातून आली, हे त्यावरून ठरत नाही. सिमेंटमध्येही राख मिसळतात, त्यामुळे शेजारी बांधकाम चालू असेल तर ती पट्टी बाद धरावी. जेलरोड, सामनगाव, वसाहत आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे एक ठिकाण अशा चार जागी एकाच रात्री पट्ट्या ठेवल्या, तर तुलना करण्यासारखे काही हाती येईल. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते आणि धूळ वर चढत नाही, म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या पट्ट्या सर्वांत बोलक्या असतात. माझे विद्यार्थी त्या पाहून देतील.

ओढ्याचा बागायतदार

आमच्याकडे द्राक्षाच्या घडांवर धूळ बसते. ती धुवायला गेले तर मण्यांवरची लव (मेणासारखा पांढरट थर) जाते आणि निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. धूळ कोणाची, ते मीही सांगू शकत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या ताईंच्या चार जागांत आमचे ओढा गाव धरा, पट्टी माझ्या बागेत ठेवतो. पुढच्या ग्रामसभेत मोजणी केंद्राच्या मागणीचा ठराव मांडायचीही माझी तयारी आहे, मसुदा कोणीतरी द्यावा.

जेलरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या निवेदनात चूक कुठे होती ते आता कळले. वसाहतीतल्या ताईंच्या सूचनेप्रमाणे "बंद करा" हा शब्द कुठेही येणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहिला आहे, कृपया तपासावा:

"एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरील स्वयंचलित यंत्रांच्या गेल्या हिवाळ्यातील धूलिकण व सल्फर डायऑक्साइडच्या नोंदी, इएसपीची क्षेत्रे बंद असल्याचे तास, केंद्राला दिलेला वर्ग, संच बंद करण्याच्या हमीपत्राची प्रत, केंद्र चालवण्याच्या चालू संमतीपत्राची प्रत, राखेच्या वापराची आकडेवारी, तसेच नाशिकरोड परिसरात मोजणी केंद्र का नाही याचे कारण मिळावे."

हा अर्ज सातपूरच्या उद्योग भवनातल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात सोमवारी देणार आहे.

वकील, नाशिक

अर्ज चांगला आहे, पण असाच दिला तर परत येईल. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. म्हणून चार अर्ज करा, चौथ्याचे पुढे सांगतो. पहिला चिमणीच्या नोंदी आणि इएसपीचे तास यांचा, दुसरा वर्ग, हमीपत्र आणि संमतीपत्र यांचा, तिसरा राखेचा. प्रत्येकाला दहा रुपये शुल्क लागेल. राखेच्या अर्जात 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेचा उल्लेख करा. सगळी राख वापरली जावी आणि न वापरलेल्या राखेवर टनाला हजार रुपये भरपाई द्यावी, अशी तरतूद तिच्यात आहे, तेव्हा किती टन राख पडून आहे आणि किती भरपाई आकारली, असे सरळ विचारा.

"का नाही याचे कारण" काढून टाका. माहिती अधिकारात असलेली कागदपत्रे मिळतात, कारणमीमांसा मिळत नाही. त्याऐवजी मोजणी केंद्रांच्या जागा निवडताना झालेल्या बैठकांची इतिवृत्ते मागा, ती चौथ्या अर्जात. "गेल्या हिवाळ्यातील" असे लिहू नका, पहिली आणि शेवटची तारीख लिहा. "चिमण्यांवरील" याऐवजी "संच क्रमांक 3, 4 व 5 यांच्या स्वतंत्र" असे लिहा, नाहीतर तिघांची मिळून एक सरासरी हातात पडेल. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, कारण अपिलाची मुदत त्या शिक्क्यावरूनच मोजतात.